चोवीस तास चालू

“तुझ्या बाबांना सांग, तो डबा बैठकीच्या खोलीतून हलला नाही, तर मी हलेन.”

बाईंनी हे फोनवर लेकीला सांगितलं, पण तोंड सोफ्यावरच्या नवऱ्याकडे होतं. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायचं आणि घरी आल्यावर आपलं तोंड मिटून बसायचं, ही त्यांची जुनी रीत.

डबा, म्हणजे घरच्या वायफायला जोडायचं साठवणीचं यंत्र, त्यांनी मोठ्या हौसेने आणला होता. जुने फोटो, सहलींच्या कॅसेटी, लेकीची बोबडी गाणी, सगळं त्यात भरून ठेवायचं आणि मनात येईल तेव्हा टीव्हीवर बघायचं. परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरून एकेक पायरी सांगितली, डॉक्टरांनी वायरी जोडल्या. डब्यावर काय चाललंय ते तिच्या आणि त्यांच्या मोबाइलवर कळेल, अशीही सोय झाली. पण टीव्हीला डबा काही केल्या दिसेना. पासवर्ड टाकून टाकून डॉक्टर मेटाकुटीला आले. शेवटी वैतागून त्यांनी डब्याची सगळी कुलपं काढून टाकली. मग टीव्हीला तो एकदाचा दिसला.

दिसला, आणि बाईंना ऐकूही येऊ लागला. टीव्हीशेजारी तो अखंड घुर्र घुर्र करी. बाई जाता-येता बटण बंद करत. डॉक्टर येता-जाता चालू करत.

“हा कायम चालू ठेवायचा असतो,” डॉक्टर म्हणाले. “कधीही, कुठूनही मागा, हजर. तेच तर त्याचं काम.”

“हे माणसांनाही जमलं असतं तर! नव्या शेजाऱ्यांनी वायफाय मागितलं, लगेच देऊन मोकळे झालात. मी जरा शांतता मागते, ती मात्र मिळत नाही.”

तेव्हा डॉक्टर बोलून गेले, की या घरात घोरणारं कुणीतरी डब्याच्या आधीपासून आहे.

झालं. त्या संध्याकाळपासून अबोला. बाईंनी डब्याच्या बटणाला हात लावणंही सोडलं. चहाचा कप टेबलावर आदळू लागला. किल्ली कुठे ठेवली आहे, हे बाई फ्रिजला सांगू लागल्या. लेकीचा तर फुकटचा पोस्टमन झाला. इकडचे टोमणे तिकडे आणि तिकडचे इकडे.

असंच एका दुपारी डॉक्टर दवाखान्यात कुणाची तरी दाढ कोरत होते. शेजारी ठेवलेला मोबाइल उजळला. ‘चालू आहे : बोटीची सहल.’

लग्नानंतरची पहिली सहल होती ती. डॉक्टरांचा एक पाय धक्क्यावर, एक बोटीत आणि बोट निघालेली. कॅमेरा नव्या नवरीच्या हातात. ती इतकी हसली होती, की डॉक्टर पाण्यात पडल्यानंतर पडद्यावर नुसतं आभाळ दिसत होतं. कित्येक वर्षांत कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पेशंट आ वासून होता. डॉक्टरही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. शिवाय पाण्यात पडण्याच्या जागी आल्यावर चित्रण मागे जाई आणि पुन्हा सुरू होई, हेही मोबाइलवर दिसे. डॉक्टर मनात म्हणाले, माझ्याशी बोलत नाही आणि मी नसताना एकटी बसून मला बघते! विचारावं असं फार वाटलं, पण विचारलं तर लाजेल, बघणंच सोडून देईल, म्हणून ते गप्प राहिले. मात्र घरी लवकर येऊ लागले. एके दिवशी फ्रिजला मध्ये न घेता थेट बायकोला म्हणाले, “बस तू. चहा मी करतो.”

त्यांना वाटलं होतं, आता एखादा टोमणा येणार. पण बाईंचाही आवाज उतरला होता. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलल्या होत्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या होत्या. चहा कमालीचा गोड झाला होता, तरी त्यांनी मुकाट्याने प्यायला.

“त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो,” डॉक्टर म्हणाले.

“मीही काही कमी बोलले नाही.”

“तू बोलून दाखवत नाहीस गं. पण मला सगळं कळतं.”

बाईंनी चमकून पाहिलं. “अहो, हेच मी तुम्हाला म्हणणार होते.”

दोघंही नव्याने लग्न झाल्यासारखी लाजली. पुढे कुणी काही विचारलं नाही.

रविवारी डॉक्टरांनी आपणहून डब्याच्या वायरी काढल्या आणि तो कपाटावर नेऊन ठेवला.

“राहू दे की चालू,” बाई म्हणाल्या. “सवय झालीय आता.”

“नको. बघायला आपण दोघं समोरासमोर आहोत.”

दुपारी दोघं एकाच सोफ्यावर पेंगत असताना बेल वाजली. दारात नवी शेजारीण उभी होती, अगदी काकुळतीला आलेली.

“डॉक्टर, तुमचं काही बंद पडलंय का हो? आम्ही राहायला आलो तेव्हा तुम्ही वायफाय दिलं होतं ना, आमचा टीव्ही अजून त्यावरच आहे. त्यात तुमचं ते बोटीचं आपोआप दिसायला लागलं. आमच्या सासूबाईंना इतकं आवडलं, की रोज दुपारी तेच. तुम्ही पाण्यात पडता तिथे मागे नेऊन नेऊन हसतात. आज ते लागेना, तर भिंतीकडे तोंड करून झोपल्यात. औषधही घेत नाहीत.”

डॉक्टरांनी हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्या आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होत्या.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “दवाखान्यात बसून रोज ते तुम्ही नव्हता बघत?”