ढब्याचे टाके

गाडी दारात थांबली तेव्हा आजी फाटकापाशीच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. सहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू ते, त्याला भूल कशी झेपणार, या काळजीने त्या अर्ध्या झाल्या होत्या.

सून आधी उतरली. तिने मागचं दार उघडलं, आजींच्या मुलाच्या शेजारून ढब्याला उचललं. मग मुलगा एकेक पाय टेकवत हळूच बाहेर आला.

"कसं झालं रे?"

"छान झालं. पंधरा मिनिटांचं तर काम." त्याचा चेहरा मात्र पार उतरला होता.

"दे गं इकडे माझ्या सोन्याला."

ढब्याने आजींची हनुवटी चाटली आणि झटक्यात खाली उडी मारली.

"अगं बाई! धरा त्याला!"

मुलगा वाकला, तशी सून ओरडली, "तू नको उचलूस! टाक्यांवर ताण येईल."

आजींचा या नसबंदीला पहिल्यापासून विरोध होता. "मुक्या जनावराला विचारलं तरी का कुणी? त्याला संसार करावासा वाटत नसेल?" असं त्या महिनाभर जेवताना म्हणत होत्या. त्याला जोडून दुसरं वाक्यही हमखास यायचं, "आणि दोन नातींच्या पाठीवर एक नातू असावा म्हटलं, तर या घरात कुणाला ऐकू येत नाही." यावर मुलगा पाणी प्यायचा आणि सून म्हणायची, "आई, अजून वाढू?"

पण झालं ते झालं. आजी कामाला लागल्या. तीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. जखमेला धूळ लागू नये म्हणून तासाभरात त्यांनी ढब्याला चड्डी शिवून दिली, शेपटीला भोक ठेवून. ती चढवायची-उतरवायची मात्र सूनच.

"टाके बघू दे तरी, कसे घातलेत."

"डॉक्टरांनी उघडून बघायला मनाई केलीय, आई."

मुलाने चार दिवस रजा टाकली. "कुत्र्यासाठी रजा!" आजी म्हणाल्या. "तुझ्या बापाने माझ्या बाळंतपणाला अर्धा दिवस घेतली नव्हती." पण आतून त्यांना बरं वाटलं. मुलगा दार लोटून ढब्याला घेऊन दिवसभर पडून राहायचा. आजी तासातासाला बर्फाची पिशवी आत पाठवायच्या. ती वितळून परत यायची.

ढब्याला हे दुखणं काही मानवलं नाही. चेंडू बंद, जिना बंद, अंगण बंद. त्याने तीन चपला फाडल्या. मग चड्डीसकट जेवणाच्या टेबलाभोवती अठरा फेऱ्या मारल्या.

"वेदना सहन होत नाहीत गं त्याला," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "भ्रमिष्टासारखं करतोय बिचारा."

तेवढ्यात मुलगा भिंतीला धरून पाणी प्यायला आला. आजींना आणखीच भरून आलं. "आणि हा बघ. किती जीव लावलाय! कुत्र्याचं दुखणं याने अंगावर घेतलंय."

सुनेला एकदम खोकल्याची उबळ आली.

दहाव्या दिवशी आजींनी विचारलं, "टाके काढायला कधी न्यायचं?"

"काढावे लागत नाहीत," मुलगा म्हणाला. "आपोआप विरघळतात."

"तीस वर्षं सुईदोरा धरलाय मी. विरघळणारा दोरा माझ्या पाहण्यात नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामावर आणि नाती शाळेत गेल्यावर आजींनी मुलाचा खण उघडला. ऑपरेशनच्या कागदांची फाइल तिथेच होती. आतलं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. फाइल एका काखेत, ढब्या दुसऱ्या काखेत, अशा त्या चालत जनावरांच्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चड्डी उतरवली, ढब्याला उताणं केलं, पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. ढब्याने त्यांचा कान चाटला.

"आजी, याचं ऑपरेशन झालेलंच नाही. सगळं जागच्या जागी आहे."

"असं कसं? अकरा दिवस मी पथ्यपाणी करतेय त्याचं!"

"तुमच्या मुलाने तारीख घेतली होती. पण याला आणलंच नाही."

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असेल," आजी हट्टाने म्हणाल्या आणि फाइल पुढे केली. "हे घ्या कागद. वाचा तुम्हीच. नसबंदी केलीय की नाही?"

डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग ओठ घट्ट मिटून त्या बराच वेळ ढब्याचं पोट खाजवत राहिल्या.

"नसबंदी झालीय, आजी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पेशंटचं वय इथे छत्तीस वर्षं लिहिलंय."