न झटकलेलं पोतं

"आई, आज पोतं झटकू नको," बाजाराला निघायच्या आधी घरी जुड्या बांधताना वेदश्री म्हणाली.

गोपिकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देवळीच्या बाजारात त्यांच्या भाजीवाल्यांच्या ओळीची एक रीत होती. ज्याचा माल आधी संपेल, त्याने उभं राहून आपलं बसायचं पोतं झटकायचं, चांगलं फटाफट, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं. बाकीचे हसत, एखादी शिवी हासडत आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळत. गोपिकाचं पोतं मात्र नेमकं डाव्या अंगाला झटकलं जाई. डाव्या अंगाला तिची थोरली जाऊ माधवी बसत असे.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींचं भांडण झालं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. घर वाटलं गेलं, वावर वाटलं गेलं, पण बाजारातल्या जागा शेजारीशेजारीच राहिल्या. आणि गोपिकाची मेथी दर बाजाराला आधी संपे.

"तू करतं ना, त्याले इंग्रजीत ग्लोट म्हणतात," वेदश्री म्हणाली. ती वर्ध्याला कॉलेजात इंग्रजी शिकत होती.

"म्हणजे आनंद होणं?"

"नाई. आनंद एकट्यालेही होते. ग्लोट कराले समोर हरलेला माणूस लागते. तो पाहून राह्यला पाहिजे, तवाच मजा येते."

"अन् वाक्यात कसं वापरतात मग ते?" गोपिकाने टोमणा मारला.

"माही आई दर बाजाराले मोठ्या आईसमोर ग्लोट करते."

गोपिकाच्या काळजाला ते झोंबलं. मोठी आई म्हणजे माधवीच. वेदश्रीला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आता पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं होतं आणि ती रोज एकच विचारायची, मोठ्या आईला बोलावणं कोण देणार? गोपिका म्हणायची, आधी तिनं बोलावं. खरं तर जावेशिवाय लेकीचं साक्षगंध तिलाही गोड लागणार नव्हतं. पण आधी कोण नमणार, तिथे घोडं अडलं होतं.

बाजारात दुपार कलली. शेवटच्या दोन जुड्या एका मास्तरांनी पिशवीत टाकल्या. माधवीपुढे वांग्यांचा अर्धा ढीग तसाच पडून होता. गोपिका सवयीने उठली, पोत्याची दोन टोकं तिने हातात धरली आणि लेकीचं वाक्य आठवून तिला एकदम शरम वाटली. तिने पोत्याची मुकाट्याने घडी घातली, काखेत धरली आणि डावीकडे न बघताच निघाली.

"काऊन वं गोपिका?"

दोन वर्षांनी तो आवाज तिचं नाव घेत होता. गोपिकाचे पाय थांबले.

"आज पोतं नाई झटकलं? बरं नाई का तुले?"

"बरी हाये मी, बाई," गोपिका कशीबशी म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "तुमच्या तोंडावर धूळ उडवत होती मी. चुकलं माहं. आता नाई झटकणार. पण पोरीच्या साक्षगंधाले याल ना?"

"न याले काय झालं? माही पोरगी नाई का ते?" माधवीचे डोळे भरले होते, पण आवाजातला थोरल्या जावेचा दरारा जराही कमी झाला नव्हता. "अन् पोतं झटकत जा. मी सकाळपासून त्याचीच वाट पाहत राह्यतो. दोन वर्सं तेवढंच तर तू माह्याकडे तोंड करून करत होती."