छतावरचा कवडसा

अनिकाच्या चिठ्ठीला डॉक्टर गुरुदत्तांनी दोन वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. चिठ्ठी आतल्या खोलीत एका जाड शब्दकोशात होती. आणि अनिका आत्ता समोरच्या सोफ्यावर बसली होती, आईच्या शेजारी.

"फार काही नाही, डॉक्टर," तिची आई रेखा म्हणाली. "डेंटल स्कूलला एक लेटर डेंटिस्टचं लागतं. शंभर तास तुमच्याच क्लिनिकमध्ये उभी होती ना ही, शॅडोइंगला, नुसतं तुमचं काम बघत. तीन ईमेल केले हिनं. म्हटलं, रिटायर झाल्यापासून डॉक्टर पुस्तकातून डोकं वर काढत नसतील. म्हणून मीच ड्राफ्ट करून आणलं. सही तेवढी करा."

"आई, यू कान्ट राइट इट युअरसेल्फ!"

"का? सगळे करतात."

गुरुदत्तांनी कागद वाचला. अत्यंत मेहनती, नम्र, नेतृत्वगुण, भरतनाट्यम. नाव बदललं तर त्यांच्या पार्सिपनी गावातल्या कुठल्याही मराठी मुलीला चाललं असतं. रेखानं पेन पुढे केलं. त्यांनी हात मांडीवरच्या पुस्तकाखालून काढला नाही.

"ठेवून जा," ते म्हणाले.

"उद्या लास्ट डेट आहे, डॉक्टर. हे गेलं नाही तर हिचं अख्खं वर्ष गेलं."

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, शैलजानं, मागच्या दारातून हाक मारली. "रेखा, कढीपत्त्याचं रोप न्यायचं होतं ना? ये, कुठलं हवं ते बघ."

रेखा गेली. दोघंच उरली. शंभर तासांत ती एकमेकांशी पन्नास वाक्यंही बोलली नसतील.

"काका, त्या नोटबद्दल सॉरी," अनिका घाईनं म्हणाली. "तुमच्या कोटाच्या खिशात असं काही ठेवायला नको होतं. तुम्ही अँग्री असाल तर मी दुसऱ्या कुणाला विचारते."

"दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही. एवढे तास मी दुसरीकडे कुठेच केले नाहीत."

चिठ्ठी त्यांना पाठ होती. तुमचे हात थरथरतात. माझी चूक असेल. पण प्लीज डॉक्टरला दाखवा. ती वाचल्यावर सात आठवड्यांत त्यांनी क्लिनिक विकलं. सगळ्यांना सांगितलं, वाचायचं फार राहिलंय.

"रागावलो नाही मी," ते म्हणाले. "पण मला एक सांग. तुला दिसलं कसं? माझी असिस्टंट वीस वर्षं शेजारी बसायची, तिला दिसलं नाही. मी करंगळी पेशंटच्या हनुवटीवर टेकवून काम करायचो. ड्रिल हलायचं नाही."

"मी ड्रिलकडे बघतच नव्हते. मला कशाला हात लावायची परमिशन नव्हती, आणि पेशंटच्या तोंडात काय चाललंय ते तुमच्या खांद्यामुळे दिसायचं नाही. सो मी वर बघायचे. तुमच्या छोट्या आरशावर दिव्याचा उजेड पडला की छतावर लाइटचा एक डॉट यायचा. तो नाचायचा. आधी मला क्यूट वाटलं. मग दोन दिवस मी दुसऱ्या डेंटिस्टकडे गेले. तिथे तो डॉट स्टेडी होता."

आरसा डाव्या हातात असतो. त्यांनी जपला होता तो उजवा.

गुरुदत्तांनी मान वर केली आणि घराच्या छताकडे पाहिलं, जणू तिथेही काही दिसणार होतं. "पेशंटनाही दिसत असेल मग."

"नाही हो, काका. सगळे घाबरून डोळे मिटून घेतात."

ते हसले. तीही हसली, मग एकदम गंभीर झाली. "म्हणजे... वॉज आय राइट?"

रेखा हातात कुंडी घेऊन आत आली. "झाली का सही?"

"माझं मी लिहितो," गुरुदत्त म्हणाले. "आजच."

त्या गेल्यावर ते कॉम्प्युटरपुढे बसले. पहिलं वाक्य तीनदा पुसलं. मुलीचं कौतुक करायचं तर स्वतःबद्दल लिहावं लागत होतं. आपले हात किती दिवस आधीपासून थरथरत होते, त्यात कुणाला दुखापत झाली का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. 'माझ्या माहितीत नाही' एवढंच त्यांनी लिहिलं. मग लिहिलं की, जे मला मोठ्या माणसांपैकी कुणी सांगितलं नाही, ते एकोणीस वर्षांच्या मुलीनं सांगितलं, चारचौघांत नाही, एकट्याला.

पाठवण्याआधी त्यांनी शैलजाला बोलावलं. "परक्या लोकांना कळणारच आहे. आधी तू वाच."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, दोन वर्षं तुमचा कप मी पाऊणच भरते. तुम्हाला काय वाटलं, दूध पुरत नाही?"

त्यांनी तिच्यासमोरच बटण दाबलं. पत्र अपलोड झालं.

पण ते अनिकाला कधीच वाचायला मिळणार नव्हतं. शिफारसपत्र वाचायचा हक्क अर्ज भरतानाच बहुतेक मुलं सोडून देतात. तिनंही सोडला होता. म्हणून त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पेन धरलं. तुझं बरोबर होतं. एवढेच तीन शब्द, पण अक्षरं ओळ सोडून वरखाली गेली. दुसऱ्या कार्डाकडे हात गेला आणि थांबला. तेच कार्ड त्यांनी पाकिटात घातलं. पत्ताही हातानंच लिहिला, तोही तसाच आला. मग ड्राइव्हवेच्या टोकाशी जाऊन पाकीट घराच्या टपालपेटीत ठेवलं आणि पोस्टमनला खूण म्हणून तिचा लाल झेंडा वर केला.