समोरच्या ओट्यावरून

"तोतारामभाऊ, अक्का घरात एकट्याच ना? मग चौदा इंची पुरे. स्वस्तातही पडेल," दुकानदार सुरेशचंद तिसऱ्यांदा म्हणाले. तोतारामला पटेना. टीव्ही स्वस्त तर हवाच, पण मोठा हवा आणि चित्र स्वच्छ हवं. वीस इंची लावायला सांगून तो रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर गेला आणि तिथून मान तिरपी करकरून बघत राहिला. सुरेशचंद चक्रावले.

"अहो, अक्का इतक्या लांबून कशाला बघतील? त्यांना नीट दिसतं ना?"

"अक्काले काहीच दिखत नही."

"मग टीव्ही कोणासाठी?"

"अक्कासाठीच. दर रविवारे बठ्ठी गल्ली, ल्हाना-मोठा सारा, देखाले येई. तिले तेवढाच मानसेसना आवाज."