निळ्याचा निवाडा

पणजोबांनी आकाशात सोनेरी ठिणग्या उधळल्या, लोखंडाच्या किसाच्या आणि कोळशाच्या. आजोबांनी स्ट्रॉन्शियमचा लाल आणला, वडिलांनी बेरियमचा हिरवा. निळा तेवढा मुलाच्या वाट्याला आला आणि त्या निळ्यानेच त्याचा घास घेतला.

निळा मोठा हट्टी. तांबे आणि क्लोरीन यांची जोडी ज्योतीत जमली तरच तो दिसतो. ज्योत जरा अधिक तापली, की जोडी मोडते आणि रंग पांढरा पडतो. त्यातून या आतषबाजीच्या कारखान्यात रंगाचा निवाडा एकट्या वडिलांनी करायचा. मुलाने गोळा उडवला, की कारागीर "निळा!" म्हणून ओरडत. वडील मान हलवत.

"पांढरा आहे. यांचा तोंडपुजेपणा ऐकू नकोस. ज्योत थंड कर."

मुलगा पुन्हा मिश्रण बदलायला बसे. असेच एक नवे मिश्रण त्याच्या हाताखाली भडकले.

कारखाना सुनेने सांभाळला. सासऱ्यांना वाढताना तिने कधी भांडे आपटले नाही.

यंदा सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटताच ते दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिले.

"दाराला नवा रंग दिलात वाटतं?"

"दार जुनंच आहे, आजोबा," डॉक्टरीणबाई हसल्या. "पिकलेला मोतीबिंदू आधी निळा रंग गिळतो. कित्येक वर्षं तुम्हाला निळा धड दिसलाच नसेल."

"म्हणजे फुकटात नवं दार मिळालं की!" सासरे म्हणाले. सुनेचा हात मात्र कमरेला खोचलेल्या कोठीच्या किल्लीवर गेला.

अंधार पडताच तिने पटांगणात त्यांना खुर्ची दिली. कोठीतून एक गोळा आणला, नळीत सोडला, वात पेटवली. आकाश फुटले. पटांगण, खुर्ची, सासऱ्यांचा पांढरा सदरा, सारे निळे झाले.

सासरे ताडकन उठले. "निळा! अगं, अस्सल निळा! शाब्बास! तीन पिढ्यांना साधलं नाही ते साधलंस! असा कारागीर या घरात झाला नाही!"

"मी नाही केला, मामंजी," ती म्हणाली. "ह्यांनी केलेला. तुम्ही पांढरा ठरवलात ना, त्यांतला हा एक उरला होता."

सासरे खाली बसले नाहीत. विरणाऱ्या धुराकडे तोंड करून त्यांनी मुलाला हाक मारली आणि ती सगळी शाबासकी, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, त्याच्या पदरात घातली.