अक्रोडाएवढा दगड

नेकार नदीकाठच्या रानातल्या पडक्या किल्ल्यावर पहारेकरी गुंडोल्फने व्हीबकेबाईंची पिशवी सगळ्यांदेखत उलटी केली. पावाच्या पुडीमागून अक्रोडाएवढा एक दगड घरंगळला.

"आठवण म्हणून घेतला हो," बाई ओशाळून म्हणाल्या.

"आठवण? दरोडा म्हणा! तुमच्यासारख्यांनीच हा किल्ला खाल्लाय. दाराशी तो दगडी सिंह बघा, एकटाच उरलाय बिचारा. त्याचा जोडीदार कुण्या हरामखोराने पळवला, देव जाणे! चला, ठेवा तो दगड जागेवर."

बाईंनी डोळे पुसत दगड ठेवला.



संध्याकाळी गुंडोल्फ डोंगर उतरून घरी आला आणि पणजोबांनी पायरीशी बसवलेल्या दगडी सिंहाच्या आयाळीवर त्याने रोजच्यासारखा बुटांचा चिखल खरवडला.