अख्खा साप

उजेड बोगद्यात शिरला तसा शक्मा दगडाला पाठ लावून उभा राहिला. दगडामागे त्याचा भाऊ होता. परवा छत खचलं, आणि पिरोज्याच्या खाणीने त्याला परत दिलंच नाही.

"मेलेल्याचं नाव काय?" दिवा वर धरत रेनसेनेबने विचारलं. हा मिसरच्या राजाचा लेखनिक.

"नहम, धनी."

"शेळ्या राखणारे तुम्ही, नावंही तुमची शेळ्यांनी ठेवल्यासारखी. सरक बाजूला."

शक्मा सरकला. दगडावर त्यानेच कोरलेल्या तीन ताज्या खुणा होत्या. साप, कुंपण, पाण्याची लाट. त्याच्या बोलीत सापाच्या नावाचा पहिला आवाज, कुंपणाच्या नावाचा पहिला, पाण्याच्या नावाचा पहिला. न, ह, म. एकापुढे एक म्हटले की भाऊ ओ दिल्यासारखा जवळ येई. पण लिहिणं देवांचं, आणि देवांच्या लेखनिकांचं. खाणीतल्या माणसाने लिहिलंय हे कळलं, तर बोटं जाणार.

रेनसेनेब दोन पावलं मागे उडाला. दिवा हिंदकळला.

"अरे गाढवा! साप अख्खा काढलास?"

"चि... चित्र आहे, धनी."

"चित्रच जिवंत होतं! आत मढं, आणि दारात अख्खा साप? आमच्याकडे मेलेल्याशेजारी साप काढला तर त्याचे आधी दोन तुकडे करतात. घे ती छिन्नी. काप!"

म्हणजे याला कळलं नव्हतं! शक्माचा जीव भांड्यात पडला, पण हात उचलेना. भावाच्या नावावर घाव घालायचा?

"काप म्हणतो ना!"

ठक्. ठक्. तिसऱ्या घावाला साप मधोमध तुटला. शक्माला वाटलं, पलीकडे कुणीतरी कण्हलं.

"हं. आता नाही चावत," म्हणत लेखनिक वळला. उजेड लांब लांब गेला. अंधारात शक्माने श्वास सोडला.

एवढ्यात लेखनिकाला वाट देऊन, भिंत चाचपत हुर्रन आला. खांद्यावर पाण्याची पखाल. पलीकडच्या खाणीतला हा माणूस, आजच इकडे आलेला. खुणांनी नाव लिहायची ही रीत मात्र तिकडेही केव्हाच पोचली होती. त्याचं बोट दगडावरच्या चरांना लागलं. तुटक्या सापावरून, कुंपणावरून, लाटेवरून फिरलं.

"नहम," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "कोण रे हा नहम?"

शक्माने झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. पण आवाज निसटला होता, बोगद्याच्या तोंडाकडे घुमत गेला होता.

बाहेर निघालेली पावलं थांबली.

मग उजेड परत येऊ लागला. सावकाश. जवळ येणाऱ्या त्या हलत्या उजेडात सापाचे दोन्ही तुकडे वळवळू लागले.